हलक्या जेवणाचा भार

गोव्यातल्या पुष्कळ घरांत साठी ओलांडलेल्या माणसाच्या ताटातून एकेक पदार्थ कमी होत जातो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दात हलू लागले म्हणून आधी चणे-वाटाणे जातात, काटे काढताना नीट दिसत नाही म्हणून बांगडा जातो, पित्त होते म्हणून डाळ जाते, कफ होतो म्हणून दही जाते. शेवटी उरते ती उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला लोणच्याची फोड आणि दिवसातून तीन-चार वेळा चहा-बिस्किटे. या आहाराला आपण समाधानाने ‘हलके जेवण’ म्हणतो. पोटाला ते हलके असते हे खरे आहे. पण हाडे, स्नायू आणि मेंदू यांना रोज जे लागते त्यातले बहुतेक सगळे याच वाटेने ताटाबाहेर गेलेले असते, आणि त्याचा परिणाम पाच-दहा वर्षांनी दिसतो.

२०११च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सुमारे ११.२ टक्के होते आणि देशातील राज्यांत केरळनंतर गोव्याचाच क्रम लागत होता. हाडे ठिसूळ होणे आणि विसराळूपणा येणे हे दोन्ही वयाबरोबर चालायचेच, असे मानून आपण गप्प बसतो. त्यातला काही भाग खरोखरच वयाचा असतो. उरलेला भाग ताटातल्या रिकाम्या जागांचा असतो, आणि त्या जागा भरता येतात.

हाडांची शाकारणी

हाड बाहेरून दगडासारखे दिसत असले तरी ते जिवंत असते. प्रथिनांच्या तंतूंची एक जाळी आणि त्या जाळीत बसलेले कॅल्शियम-फॉस्फरसचे स्फटिक, अशी त्याची रचना असते. जाळीमुळे लवचिकपणा येतो आणि स्फटिकांमुळे कणखरपणा. नळ्यांच्या घराची पावसाळ्यापूर्वी जशी शाकारणी होते, फुटके नळे उतरवून नवे चढवले जातात, तशीच शाकारणी हाडांमध्ये बारा महिने चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तेथे नवे हाड घालतात, आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने घडतो. तिशीपर्यंत चढवणारे हात वेगवान असतात, पुढे काही वर्षे हिशेब बरोबरीचा राहतो, आणि मग उतरवणारे पुढे जातात. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होते, त्याबरोबर उतरवणाऱ्या पेशींवरचा अंकुशही सुटतो, आणि त्यानंतरच्या पाच ते सात वर्षांत हाडांचे वस्तुमान वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. पुरुषांमध्ये ही घट हळूहळू होते, पण होते हे निश्चित.

यात कॅल्शियमची भूमिका काय, हे समजून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते आणि एक टक्का रक्तात व इतर पेशींत. पण जिवाच्या दृष्टीने तो एक टक्काच महत्त्वाचा असतो, कारण हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश त्याच्यावर चालतात. रक्तातली पातळी थोडी जरी खाली येऊ लागली तरी मानेतल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतले कॅल्शियम काढून रक्तात आणतात. म्हणूनच रक्ततपासणीत कॅल्शियम ‘नॉर्मल’ आले म्हणजे हाडे ठीक आहेत, असे समजणे चुकीचे आहे. कोठार रिकामे होत असतानाही रोजचा शिधा बरोबर मापाचाच दिसतो. हाडांची खरी स्थिती कळते ती घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीतून.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांना १२००. आपल्याकडच्या अनेक घरांत दूध चहापुरतेच येते, त्यामुळे हा आकडा गाठणे वाटते तितके सोपे नाही. दोनशे मिलिलिटर दुधातून किंवा तेवढ्याच दह्यातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळते. दूध पचत नसेल तर दही आणि ताक बहुधा पचते, कारण विरजणात दुधातल्या साखरेचा काही भाग आधीच फुटलेला असतो. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. इतर कोणत्याही नेहमीच्या धान्यात त्याच्या जवळपासही नसते. आजारी आणि म्हाताऱ्या माणसाला आपण नाचणीचे सत्त्व काढून, नारळाचा रस आणि गूळ घालून तीजन करून देतो. चवीला आणि पचायला ती उत्तम असते, पण नाचणीतल्या कॅल्शियमचा बराचसा भाग सालीत असतो आणि सत्त्व गाळताना तीच साल फडक्यात राहते. म्हणून चावता येत असेल तोवर सबंध पिठाची भाकरी द्यावी, आणि चावणे जमेनासे झाले तर सबंध पीठ ताकात आंबवून आंबील करावी. आंबवल्यामुळे किंवा मोड आणल्यामुळे धान्यातले फायटेट कमी होते आणि कॅल्शियम शोषले जाण्यातला मोठा अडथळा दूर होतो.

पालेभाज्यांच्या बाबतीत मात्र कोष्टकातला आकडा आणि प्रत्यक्ष शरीरात जाणारे कॅल्शियम यांत फरक पडतो. पालकात आणि तांबड्या भाजीत (लाल माठात) ऑक्झॅलेट भरपूर असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते, आणि पालकातल्या कॅल्शियमपैकी सुमारे पाचच टक्के शरीराला मिळते. दुधातून साधारण तीस टक्के मिळते. या भाज्या खाऊ नयेत असा याचा अर्थ नाही. हाड घडवणाऱ्या एका प्रथिनाला लागणारे के जीवनसत्त्व आणि मेंदूला उपयोगी पडणारे फोलेट त्यांतूनच येते. कॅल्शियमचा हिशेब मात्र त्यांच्या भरवशावर ठेवू नये. मशिंगाचा (शेवग्याचा) पाला, ज्याची भाजी आपल्याकडे गोकुळाष्टमीला आवर्जून होते, कॅल्शियमने समृद्ध आहे, आणि ती भाजी वर्षातून एकदाच का व्हावी याला चांगले कारण मला तरी सापडलेले नाही. मासळीतले कॅल्शियम मांसात नसून काट्यांत असते. लहान पेडवे खरपूस भाजून मऊ काट्यांसकट चावून खाल्ले तर ते मिळते. इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही.

पोटात गेलेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. त्वचेखालच्या एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर सूर्याचे अतिनील-ब किरण पडले की ते तयार होते, मग यकृतात आणि मूत्रपिंडात त्याच्यावर एकेक संस्कार होऊन ते कामाला योग्य बनते. पणजी साडेपंधरा अक्षांशांवर आहे, ऊन मुबलक आहे, तरीही ड जीवनसत्त्व कमी असलेली माणसे येथे भरपूर भेटतात. याचे एक कारण आपल्याच सल्ल्यात आहे. आपण वृद्धांना सकाळचे ‘कोवळे ऊन’ घ्यायला सांगतो, आणि नेमक्या त्या वेळी सूर्य इतका तिरपा असतो की अतिनील-ब किरण वातावरणातच अडतात. साधा नियम असा की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाचे ऊन उपयोगाचे. म्हणजे दहानंतर, हात-पाय उघडे ठेवून, पंधरा-वीस मिनिटे. गडद त्वचेला त्याहून अधिक वेळ लागतो. सोप्यावर सावलीत बसून किंवा खिडकीच्या काचेमागून हे काम होत नाही, कारण काच हे किरण अडवते. त्यातच सत्तरीच्या त्वचेत ते मूळ द्रव्य विशीच्या मानाने फार थोडे उरलेले असते, आणि जून ते सप्टेंबर आभाळ सतत भरलेले असते. त्यामुळे घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांसाठी शिफारशीतले रोजचे ८०० युनिट बहुधा गोळीतूनच घ्यावे लागतात. बांगड्या-तारल्यांसारख्या तेलकट मासळीतून आणि अंड्याच्या बलकातून थोडे मिळते, पण ते पूरक असते.

प्रथिनांचा हिशेब

हाडांचा विषय निघाला की सगळे कॅल्शियमबद्दल बोलतात. प्रथिनांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या वृद्धांच्या ताटातली सर्वांत मोठी रिकामी जागा प्रथिनांचीच आहे. हाडातली जाळी प्रथिनांची असते हे वर आलेच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हाड बहुतेक वेळा पडल्यामुळे मोडते, आणि माणूस पडतो तो मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू तोल सावरण्याइतके बळकट राहिलेले नसतात म्हणून. वय वाढते तसे स्नायू जेवणातल्या प्रथिनांना कमी प्रतिसाद देऊ लागतात. तेवढाच स्नायू टिकवायला तरुणपणापेक्षा अधिक प्रथिने लागतात. आपल्याकडची सर्वसाधारण शिफारस शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम इतकी आहे. वृद्धांच्या आहाराचा अभ्यास करणारे अनेक तज्ज्ञ निरोगी वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवतात.

समजा, पन्नास किलो वजनाच्या सत्तरीतल्या एका स्त्रीचा दिवस असा आहे. सकाळी चहा आणि चार बिस्किटे, अकराच्या सुमारास पेज आणि लोणचे, दुपारी शीत आणि हुमण (नारळाच्या वाटणातली मासळीची आमटी), त्यात बांगड्याचा शेपटीकडचा लहान तुकडा, कारण मधला भाग नातवाला. संध्याकाळी पुन्हा चहा आणि अर्धा पाव, रात्री थोडे शीत आणि दुपारच्या हुमणाचा उरलेला रस. चहातल्या दुधातून तीन ग्रॅम, बिस्किटांतून दोन, पेजेतून चार, दुपारच्या भातातून सहा, मासळीच्या तुकड्यातून सहा, पावातून तीन आणि रात्रीच्या जेवणातून पाच असे धरले तर बेरीज तीसच्या आसपास थांबते. तिला पन्नास ते साठ ग्रॅम हवीत. तिचे पोट भरलेले असते, तिला उपाशी कोणी म्हणणार नाही, आणि तरीही तिला जे लागते त्याच्या जेमतेम निम्मेच मिळालेले असते.

हा तुटवडा भरायला महागडी प्रोटीन पावडर लागत नाही. पेजेबरोबर लोणच्याऐवजी अळसांद्यांचे (चवळीच्या जातीच्या कडधान्याचे) दाट तोंडाक किंवा मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी) वाटीभर घेतली तर सात-आठ ग्रॅम वाढतात. एका उकडलेल्या अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. बांगडा शेपटीचा तुकडा न राहता मध्यम आकाराचा अख्खा झाला, तर त्याच्या साठ-सत्तर ग्रॅम मांसातून बारा-चौदा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे आधीच्यापेक्षा सहा ते आठ जास्त. रात्रीच्या जेवणात वाटीभर दही आले की आणखी पाच. बेरीज पंचावन्नच्या आसपास जाते. ही प्रथिने दुपारच्या एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळच्या खाण्यात विभागली, तर स्नायूंना ती अधिक लागू पडतात. कुळथाची पिठी हा यातला आपला जुना आणि स्वस्त उपाय आहे; चावायला काही नसते आणि पातळ भातात कालवता येते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण त्यांचा हिशेब वेगळा असतो. आणि खाल्लेल्या प्रथिनांचा स्नायू व्हायचा तर स्नायूंना काम हवे: हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि बसणे, सलग दहा वेळा, दिवसातून दोनदा, एवढ्यानेही सुरुवात होते.

मेंदूला काय लागते

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण विश्रांतीतल्या शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. पाणी वगळले तर त्याचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. आहाराचा मेंदूशी संबंध तीन वाटांनी येतो: काही पोषकद्रव्ये त्याला थेट लागतात, काही त्याच्या पेशींच्या आवरणात बसतात, आणि उरलेला आहार त्याला रक्त पुरवणाऱ्या नलिका स्वच्छ ठेवतो किंवा खराब करतो.

पहिल्या वाटेवर सर्वांत महत्त्वाचे आहे ते ब-१२ जीवनसत्त्व. मज्जातंतूंवर विजेच्या तारेवरच्या वेष्टणासारखे जे आवरण असते, ते राखायला ते लागते. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी नगण्य आहे आणि यकृतात कित्येक वर्षांचा साठा असतो, त्यामुळे कमतरता हळूहळू येते आणि ओळखू येत नाही. तळपायांना मुंग्या येणे, अंधारात तोल जाणे, थकवा, चिडचिड, विसराळूपणा ही तिची लक्षणे, आणि यातले प्रत्येक लक्षण ‘वयामुळे’ या एका शब्दात झटकून टाकता येते. ब-१२ हे प्राणिज अन्नातूनच मिळते. बारमाही शिवराक (शाकाहारी) जेवणाऱ्यांना ते दूध-दह्यातून जेमतेम मिळते. पण मासळी खाणारा निर्धास्त, असेही नाही. अन्नातले ब-१२ प्रथिनाला चिकटलेले असते आणि ते सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. पुष्कळ वृद्धांमध्ये हे आम्ल कमी झालेले असते. पित्तासाठी वर्षानुवर्षे रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्या ते आणखी कमी करतात, आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिनही ब-१२च्या शोषणात अडथळा आणते. मधुमेह आणि पित्त, दोन्हींच्या गोळ्या सकाळी एकत्र घेणारी माणसे आपल्या प्रत्येक वाड्यावर सापडतील. त्यांनी वर्षातून एकदा ब-१२ची तपासणी करून घ्यावी. दिलासा एवढाच की गोळीतले ब-१२ आधीच सुटे असते, त्यामुळे आम्ल कमी असले तरी ते शोषले जाते. आणि जे मासळी खातात त्यांच्यासाठी तिसऱ्यांची (शिंपल्यांची) एक वाटी ब-१२च्या बाबतीत बहुतेक सगळ्या पदार्थांना मागे टाकते.

ब-१२ आणि फोलेट कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढते, आणि ते वाढलेल्यांमध्ये मेंदू अधिक वेगाने आक्रसताना दिसतो. ऑक्सफर्डमध्ये २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिटाकॉग या चाचणीत, स्मरणशक्तीच्या सौम्य तक्रारी असलेल्या वृद्धांना दोन वर्षे ब गटातली जीवनसत्त्वे दिली, तेव्हा मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे तीस टक्क्यांनी मंदावला; होमोसिस्टीन जितके अधिक होते तितका फायदाही अधिक दिसला. पुढे त्याच चाचणीतल्या माणसांची माहिती पुन्हा तपासली तेव्हा असे आढळले की ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ स्निग्धाम्ले चांगल्या प्रमाणात होती, त्यांनाच या जीवनसत्त्वांचा खरा लाभ झाला होता. म्हणजे एक पोषकद्रव्य दुसऱ्याची वाट पाहत असते.

ओमेगा-३पैकी डीएचए हे मेंदूच्या पेशींच्या आवरणात बसते. जवस आणि अक्रोड यांतले ओमेगा-३ वेगळ्या रूपात असते आणि शरीर त्यातले फार थोडे डीएचएमध्ये बदलू शकते. थेट डीएचए मिळते ते तेलकट मासळीतून. गोव्याच्या बाजारात ज्या मासळीला पाहुण्यांपुढे मान नसतो, त्या तारल्यांत आणि बांगड्यांत ते भरपूर असते, आणि इसवण किंवा मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांच्या मानाने या लहान माशांत पाराही कमी साठतो. आठवड्यातून दोनदा तारले किंवा बांगडे पुरेसे आहेत. शक्य तोवर ते हुमणात घालावेत किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजावेत. रव्यात घोळून तेलात तरंगवले की त्यांच्या चांगल्या तेलाबरोबर नको तेवढे दुसरे तेलही पोटात जाते. ओमेगा-३च्या कॅप्सुलांनी निरोगी माणसाची स्मरणशक्ती वाढते, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही, म्हणून मासळी खाणाऱ्याने त्यांवर पैसे घालण्याची गरज नाही.

खोबरेल तेलाने स्मृतिभ्रंश बरा होतो, अशा अर्थाचे संदेश आपल्याकडे फोनवर फिरत असतात. त्याला भरवशाचा पुरावा नाही. नारळ हा आपल्या स्वयंपाकाचा प्राण आहे आणि हुमणातल्या नारळाला कोणी दोष देऊ नये, पण औषध म्हणून रोज सकाळी चमचाभर तेल पिणे हा वेगळा प्रकार झाला. त्यातल्या संपृक्त स्निग्धाने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते.

येथून आपण तिसऱ्या वाटेवर येतो, आणि मेंदूच्या दृष्टीने बहुधा हीच सर्वांत मोठी आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांनी मेंदूतल्या बारीक नलिका कडक आणि अरुंद होतात, आणि स्मृतिभ्रंशाचा मोठा भाग त्यातून येतो. आपल्या ताटातला येथला दोषी म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचे, पापड आणि खारे यांनी ती मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. मीठ हाडांनाही सोडत नाही: मूत्रपिंड जादा सोडियम बाहेर टाकताना त्याच्याबरोबर काही कॅल्शियमही सोडून देते. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत सुक्या मासळीवर भर येतो, आणि बारीक सुक्या सुंगटांत (कोळंबीत) कॅल्शियम चांगले असते हेही खरे. ती पाण्यातून दोन-तीनदा धुऊन घेतली आणि किसमुरीत वरून मीठ घातले नाही, तर बरेचसे मीठ टळते.

फेणीबद्दल थोडक्यात. दारू हाड बांधणाऱ्या पेशींना मंदावते, ब-१ जीवनसत्त्वाचे शोषण बिघडवते आणि रात्री पायरीवर पाय चुकवते. औषध म्हणून घोटभर, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. हाडांना किंवा मेंदूला त्याचा उपयोग नाही.

गोळी केव्हा लागू पडते

कॅल्शियमची गोळी उपयोगाची की निरुपयोगी, यावर उलटसुलट बातम्या येतात आणि वाचणारा गोंधळतो. पण त्या बातम्यांमागच्या चाचण्या शेजारी ठेवल्या की त्यांत विसंगती दिसत नाही. १९९२मध्ये फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांत राहणाऱ्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांवर एक चाचणी झाली; त्यांचे सरासरी वय ८४ होते, ऊन आणि दूध दोन्ही कमी पडत होते. त्यांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत जवळजवळ २६ हजार माणसे होती, पण ती साधारण निरोगी होती आणि बहुतेकांना ड जीवनसत्त्व पुरेसे होते. तेथे रोज २००० युनिट देऊनही हाडे मोडण्यात फरक पडला नाही. २०२१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या साठ वृद्धाश्रमांतला प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो, कारण त्यात प्रयोगासाठी वेगळी गोळी दिलीच नव्हती. निम्म्या आश्रमांच्या स्वयंपाकघरांनी फक्त दूध, दही आणि चीज वाढवले, आणि दोन वर्षांत त्या आश्रमांत हाडे मोडण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांनी, खुब्याचे ४६ टक्क्यांनी आणि पडण्याचे ११ टक्क्यांनी कमी झाले. जेथे उणीव होती तेथे भर घातल्याचा उपयोग झाला. भरलेल्या भांड्यात ओतलेले वाहून गेले.

मेंदूच्या बाबतीतही असेच दिसते. २०२३मध्ये अमेरिकेत माइंड नावाच्या आहाराची तीन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा केवळ पालेभाज्या, बेरी आणि सुकामेवा वाढवल्याने तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक पडला नाही. फिनलंडमधल्या फिंगर चाचणीत, जी २०१५मध्ये प्रसिद्ध झाली, ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांपैकी निम्म्यांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर देखरेख हे सगळे एकत्र दिले, आणि तेथे बुद्धीच्या चाचण्यांत दोन वर्षांत फरक दिसला. रोज रात्री भिजवलेले चार बदाम बिनधास्त खावेत, ते चांगलेच आहेत. पण रक्तदाबाची गोळी विसरून बदाम लक्षात ठेवण्यात अर्थ नाही.

गोळी घ्यावी लागलीच तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, कारण त्यापुढे शोषण घटते. लोहाच्या गोळीबरोबर ते घेऊ नये, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची आठवड्याची मात्रा डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात. ती संपल्यावर दुकानातून परस्पर आणून वर्षभर घेत राहणारी माणसे असतात, आणि त्यातून रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिले होते. २०१०च्या त्या अहवालात त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे दोन्ही वाढलेले आढळले. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडू नयेत, पण त्यांचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवावे. तहानेची जाणीवही वयाबरोबर बोथट होते, आणि एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात म्हातारा माणूस अचानक भ्रमल्यासारखे बोलू लागला, तर इतर तपासण्यांबरोबर शरीरातले पाणी आणि सोडियम यांकडेही पाहावे लागते.

एवढे सगळे सांगून झाल्यावरही एक अडचण उरते, आणि ती पोषणशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. मुले मुंबईला, आखातात किंवा पोर्तुगालला असतात, घरात एकटी बाई किंवा दोघेच, आणि एकट्यासाठी बांगडा साफ करून वाटण वाटायचे कोणी? म्हणून पेज. अशा घरांत आहारतक्त्यापेक्षा व्यवस्था उपयोगी पडते. बाजारात मासळी विकणारी बाई सांगितल्यास बांगडे साफ करून, काप घालून देते. ते दोन-दोनच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये राहतात. वाटण आठवड्याचे एकदम करून ठेवता येते. अळसांदे रात्री भिजत घातले आणि सकाळी कुकरला लावले की दोन दिवस पुरतात. शेजारच्या घरी हुमण शिजले तर एक वाटी इकडे येते आणि इकडची मुगागाठी तिकडे जाते; ही जुनी देवाणघेवाण ज्या वाड्यांवर अजून चालू आहे, तेथे फोनवरून विचारणाऱ्या मुलाने आईला ‘जेवलीस का’ एवढेच न विचारता ‘शितावर काय होते’ हेही विचारावे.